नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे संशोधन छापून यावे यासाठी: गाइड आणि विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नर्सिंग महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलात, तर एम.एस्सी.च्या प्रबंधांचे एक कपाट हमखास दिसेल. रेक्झिनची बांधणी आणि त्यावर सोनेरी अक्षरांत विद्यार्थिनीचे नाव व वर्ष. आत रुग्णांच्या खाटेशेजारी, ओपीडीच्या रांगेत आणि अंगणवाड्यांच्या ओट्यावर बसून गोळा केलेली माहिती असते. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली की ती माहिती तिथेच थांबते, आणि काही वर्षांनी दुसऱ्या महाविद्यालयातली दुसरी विद्यार्थिनी तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेते. हे नुकसान विद्यार्थ्यांच्या कुवतीमुळे होत नाही. प्रबंध बांधून हातात आल्यावर प्रकाशनाचा विषय निघतो, तेव्हा परीक्षा तोंडावर असते, पाठोपाठ नोकरी लागते, नाइट ड्युट्या सुरू होतात आणि लेख राहून जातो. त्यामुळे लेखाची तयारी सिनॉप्सिसपासूनच, म्हणजे संशोधनाच्या सुरुवातीच्या आराखड्यापासूनच, व्हायला हवी आणि ती करून घेण्याची जबाबदारी गाइडची, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाची, आहे, असे मी आग्रहाने मांडतो. पुढचे विवेचन मुख्यतः पाठ्यनिर्देशिका आणि प्राध्यापकांना उद्देशून केले असले, तरी विद्यार्थ्यांनीही ते वाचून आपल्या गाइडसमोर ठेवावे.

सिनॉप्सिस लिहिताना

आपल्याकडच्या प्रबंधांच्या शीर्षकांचा एक ठरलेला साचा आहे: निवडक शहरातील निवडक रुग्णालयांतील अमुक रुग्णांच्या ज्ञानावर नियोजनबद्ध अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता अभ्यासणे. एक गट घ्यायचा, प्री-टेस्ट घ्यायची, शिकवायचे, सातव्या दिवशी पोस्ट-टेस्ट घ्यायची आणि गुण वाढल्याचे दाखवायचे. या पद्धतीने संशोधनाच्या पायऱ्या शिकता येतात, हे खरे आहे. पण नियतकालिकाचा संपादक असे लेख सतत पाहत असतो आणि त्याचा प्रश्न सरळ असतो: शिकवल्यानंतर लगेच विचारले तर गुण वाढणारच, मग या अभ्यासातून नवे काय कळले?

या प्रश्नाचे उत्तर सिनॉप्सिसच्या टप्प्यावर थोडक्या कष्टात तयार ठेवता येते, नंतर मात्र ते कशानेही भरून काढता येत नाही. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने घरी स्वतः इन्सुलिन टोचून घेणारे मधुमेही रुग्ण हा विषय घेतला आहे. ज्ञानाच्या प्रश्नावलीसोबत तिने प्रत्यक्ष टोचण्याची निरीक्षण-सूची ठेवावी, म्हणजे रुग्ण जागा बदलतो का, तीच सुई किती वेळा वापरतो, वापरलेली सुई कुठे टाकतो, टोचण्याच्या जागी गाठी आहेत का, हे नोंदवता येईल. एक महिन्याने फॉलोअपला आलेल्या रुग्णांची तीच सूची पुन्हा भरावी. शक्य असल्यास दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीतला गट तुलनेसाठी घ्यावा. एवढ्या बदलाने प्रबंधाचे काम फारसे वाढत नाही, पण त्यातून छापण्याजोगे काहीतरी हाती लागण्याची शक्यता पुष्कळ वाढते. कोणाच्या मदतीशिवाय आपण स्वतः वॉर्डात पाहू शकतो, मोजू शकतो अशी गोष्ट निवडणे ही नर्सची खरी ताकद आहे, आणि ज्ञानाच्या प्रश्नावलीत ती वाया जाते असे माझे स्पष्ट मत आहे.

याच टप्प्यावर दोन परवानग्या आणि एक नोंदणी यांकडे लक्ष द्यावे. पहिली परवानगी मापनाच्या टूलची, म्हणजे प्रश्नावली किंवा स्केलसारख्या साधनाची. दुसऱ्याने तयार केलेली प्रश्नावली किंवा स्केल वापरायचे असेल, तर मूळ कर्त्याची लेखी परवानगी ई-मेलने मागवून ती जपून ठेवावी. औषधे नियमित घेण्याविषयीच्या मॉरिस्की स्केलच्या विनापरवाना वापरावरून जगभरात संशोधकांना नोटिसा गेल्या आहेत आणि छापलेले लेख मागेही घ्यावे लागले आहेत. टूल मराठीत आणायचे असेल, तर एकाने मराठी भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीने त्याचे पुन्हा इंग्रजी करावे, दोन्ही ताडून पाहावे आणि थोड्या रुग्णांवर विश्वासार्हता तपासावी. हे काम नीट नोंदवले, तर मराठीत तपासलेले टूल हाच एक स्वतंत्र लेख होऊ शकतो. आपल्या विद्यार्थिनी हे काम दरवर्षी करतात आणि प्रबंधाच्या परिशिष्टात पुरून टाकतात, याची खंत वाटते.

दुसरी परवानगी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्यांच्या संशोधनालाही लागू होतात. माहिती गोळा करून झाल्यावर मंजुरी मिळवता येत नाही, आणि मंजुरीचा क्रमांक व तारीख नसलेला लेख चांगले नियतकालिक पुढे नेत नाही. प्राचार्यांचे परवानगीपत्र किंवा वैद्यकीय अधीक्षकांचे पत्र आवश्यक असते, पण ते एथिक्स कमिटीच्या मंजुरीची जागा घेऊ शकत नाही. शाळकरी मुलांवर अभ्यास असेल, तर पालकांच्या संमतीबरोबर 7 ते 12 वर्षांच्या मुलांची तोंडी आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलांची लेखी अनुमती घ्यावी लागते.

तिसरी बाब अनेकांच्या लक्षातच येत नाही. रुग्णांवर काही उपचारात्मक कृती करून तिचा परिणाम पाहायचा असेल, उदाहरणार्थ प्रसूतीच्या कळांमध्ये पाठीचे मालिश किंवा शिरेच्या सूजेवर शेक, तर तो अभ्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाकडे नोंदवावा. ही नोंदणी 2007 पासून उपलब्ध आहे आणि तिला शुल्क लागत नाही. मात्र 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण अभ्यासात घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. उशीर झाला तर हे दार कायमचे बंद होते.

नावांचा क्रम आधीच लिहून ठेवणे

लेखावर कोणाचे नाव आणि कोणत्या क्रमाने, या प्रश्नावरून गाइड आणि विद्यार्थी यांच्यात कटुता येते, आणि अनेकदा त्या कटुतेपायी लेखच लिहिला जात नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, लेखक म्हणवून घेण्यासाठी चार अटी सांगितल्या आहेत आणि त्या चारही एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: अभ्यासाची आखणी, माहिती गोळा करणे किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा असावा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याची गंभीर दुरुस्ती करण्यात सहभाग असावा, अंतिम प्रतीला संमती दिलेली असावी, आणि लेखाविषयी प्रश्न उठल्यास उत्तर देण्याची जबाबदारी स्वीकारलेली असावी.

एम.एस्सी.च्या प्रबंधावरच्या लेखात पहिले नाव विद्यार्थिनीचे असावे. गाइडचे नाव शेवटी आणि पत्रव्यवहारासाठी असावे, कारण विद्यार्थिनीचा पत्ता आणि ई-मेल बदलतो. प्राचार्यांनी परवानगी दिली, संख्याशास्त्रज्ञाने पैसे घेऊन तक्ते करून दिले, परिसेविकेने वॉर्डात बसायला जागा दिली, या सर्वांचे मनापासून आभार मानावेत, पण तेवढ्यावर त्यांना लेखक करू नये. संस्थेत मानासाठी नाव घालण्याची प्रथा असेल, तर गाइडने ती विद्यार्थिनीच्या अंगावर न टाकता स्वतः वरिष्ठांशी बोलावे. विद्यार्थिनी हे बोलूच शकत नाही, तिचे इंटर्नलचे गुण त्यांच्याच हातात असतात.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातले गटप्रकल्प अधिक अवघड असतात, कारण गटात सहा-आठ जण असतात. सुरुवातीलाच कोण शोधवाचन करील, कोण टूल तयार करील, कोण माहिती गोळा करील आणि कोण मसुदा लिहील, हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. जो मसुदा लिहील त्याचे नाव पहिले, आणि काम सोडून देणाऱ्याचे नाव आभारात, हेही त्याच कागदावर असावे. एम.एस्सी.च्या बाबतीत आणखी एक वाक्य लिहावे: निकालानंतर ठरलेल्या मुदतीत, साधारण एका वर्षात, विद्यार्थिनीने लेख पाठवला नाही, तर गाइड मसुदा तयार करू शकेल, परंतु विद्यार्थिनीला विचारून आणि तिचे नाव कायम ठेवून.

प्रबंधातून लेख काढणे

इथे सर्वाधिक विद्यार्थी अडखळतात, कारण ते शंभर-सव्वाशे पानांचा प्रबंध कापून लहान करायला बसतात. मूळ संशोधनाच्या लेखाला सहसा अडीच ते साडेतीन हजार शब्दांची मर्यादा असते. कितीही कापले तरी प्रबंध त्यात बसत नाही, आणि बसवला तर वाचवत नाही. प्रबंध बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर एकच प्रश्न लिहावा आणि त्याच्या उत्तराला जे लागेल तेवढेच प्रबंधातून घ्यावे.

इन्सुलिनच्या उदाहरणात प्रबंधाला सहा उद्दिष्टे असतील: ज्ञान मोजणे, कृती मोजणे, अध्यापनाचा परिणाम पाहणे, ज्ञान आणि कृती यांचा सहसंबंध पाहणे, ज्ञानाचा निवडक लोकसांख्यिक घटकांशी संबंध पाहणे, आणि कृतीचाही तसाच पाहणे. लेखाचा प्रश्न मात्र एवढाच: शिकवल्यानंतर एक महिन्याने रुग्ण टोचण्याची जागा बदलू लागतात का? शीर्षकही त्यानुसार बदलते. “निवडक रुग्णालयांतील मधुमेही रुग्णांच्या ज्ञान व कृतीवर नियोजनबद्ध अध्यापन कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन करण्यासाठी एक अभ्यास” याऐवजी “घरी इन्सुलिन घेणाऱ्या प्रौढांमध्ये टोचण्याची जागा बदलण्याची सवय: ओपीडीतील प्रात्यक्षिकानंतर एक महिन्याने केलेले निरीक्षण” असे लिहिता येईल. दुसऱ्या शीर्षकातून रुग्ण कोण, पाहिले काय आणि केव्हा, हे वाचकाला लगेच कळते.

प्रबंधातली काही प्रकरणे जवळजवळ पूर्ण गाळावी लागतात. ओरेम, रॉय किंवा किंग या परिचर्या-सिद्धान्तकारांच्या सिद्धान्तावर बेतलेली संकल्पनात्मक चौकट आणि तिची आकृती परीक्षकासाठी आवश्यक असते. लेखात ती खरोखर आखणीला उपयोगी पडली असेल तरच दोन वाक्यांत यावी. प्रत्येक पारिभाषिक शब्दाची व्याख्या, गृहीतके आणि “संशोधन म्हणजे काय” हा मजकूरही गाळावा. पूर्वीच्या संशोधनाचा वीस पानांचा आढावा प्रस्तावनेत तीन-चार परिच्छेदांत आणावा, आणि त्यातले शेवटचे वाक्य आपला प्रश्न सांगणारे असावे.

तक्त्यांबाबत कठोर राहावे. प्रबंधात वय, लिंग, शिक्षण, धर्म, उत्पन्न, कुटुंबप्रकार असा प्रत्येक घटक घेऊन काय-वर्ग (chi-square) ही संख्याशास्त्रीय चाचणी लावलेली असते आणि ज्या एका घटकात पी-मूल्य (संबंध नसतानाही योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) 0.05 पेक्षा कमी आले तो निष्कर्षात ठळक केलेला असतो. प्रत्यक्षात काहीच संबंध नसला, तरी दहा स्वतंत्र चाचण्या लावल्यावर निव्वळ योगायोगाने निदान एक निकाल तसा येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. समीक्षकाला हे ठाऊक असते. जो संबंध तपासण्याचे कारण आधीपासून होते, तोच तक्ता लेखात ठेवावा. “फरक लक्षणीय होता” एवढ्यावर न थांबता फरक किती होता आणि त्याची 95 टक्के विश्वासमर्यादा (खरा फरक ज्या टप्प्यात असण्याचा अंदाज आहे तो) काय होती, हे द्यावे. सूचीतल्या किती कृती सुधारल्या आणि कोणत्या अजिबात सुधारल्या नाहीत, हे वॉर्डातल्या नर्सला पी-मूल्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते. जे सुधारले नाही त्याविषयी चर्चेत मोकळेपणाने लिहावे.

लिहिण्याचा क्रम छापील लेखापेक्षा वेगळा ठेवणे सोयीचे जाते: आधी तक्ते, मग पद्धती, मग निष्कर्ष, त्यानंतर चर्चा, प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी सारांश. पद्धतीचा भाग विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा असतो, त्यामुळे तिथे लेखणी अडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीने पहिला मसुदा मराठीत किंवा वॉर्डात बोलतो तशा मिश्र भाषेत लिहायला गाइडने मोकळीक द्यावी. विचार एकदा सरळ उतरला की इंग्रजी नंतर सुधारता येते. उलट क्रमाने गेल्यास ती इतरांच्या लेखांतली वाक्ये उचलू लागते, आणि साहित्यचौर्याचा प्रश्न बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पण सॉफ्टवेअरचा आकडा खाली आणण्यासाठी शब्द बदलत बसण्याचे शिक्षण विद्यार्थिनीला देऊ नये. मूळ लेख मिटून ठेवून, त्यातले आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायला सांगावे आणि मग संदर्भ द्यावा. एआय साधन वापरले असेल, तर ते उघडपणे नमूद करावे लागते. आयसीएमजेईच्या नियमांनुसार अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही आणि चुकीची जबाबदारी माणसावरच राहते. अशी साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही तयार करून देतात, त्यामुळे प्रत्येक संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नये.

कोणत्या प्रकारच्या अभ्यासात काय काय नोंदवावे, याच्या याद्या इक्वेटर नेटवर्कच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सर्वेक्षणासाठी स्ट्रोब, यादृच्छिक गटांच्या प्रयोगासाठी कन्सॉर्ट, मुलाखतींवर आधारित गुणात्मक अभ्यासासाठी कोरेक, आणि यादृच्छिक विभागणी नसलेल्या प्रयोगासाठी ट्रेंड. आपल्याकडचे बहुसंख्य प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट प्रबंध ट्रेंडच्या कक्षेत येतात, आणि नेमकी हीच यादी सर्वांत कमी वापरली जाते. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी केअर प्लॅनसह लिहिलेल्या केस स्टडीलाही छापण्याची वाट आहे. त्यासाठी केअर नावाची यादी आहे, पण रुग्णाची लेखी संमती हवी आणि फोटोत किंवा मजकुरात ओळख पटेल असे काही नसावे. वॉर्डात हात धुण्याचे प्रमाण किंवा कॅथेटरची काळजी सुधारण्यासाठी केलेल्या छोट्या प्रकल्पासाठी स्क्वायर ही यादी वापरावी.

नियतकालिक निवडणे

विद्यार्थी सर्वांत जास्त फसवले जातात ते इथे. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतो, तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्र मोफत, फी यूपीआयने पाठवा. असा लेख कोणी तपासत नाही आणि कोणी वाचत नाही, आणि एकदा तिथे छापला की तो इतरत्र देता येत नाही. वर्षभराचे कष्ट काही हजार रुपये मोजून गमावले जातात. “यूजीसीमान्य” हा शिक्का पाहून निर्धास्त होऊ नये. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची सूची, फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली आहे, त्यामुळे आजही तो शिक्का मिरवणाऱ्या संकेतस्थळाविषयी उलट सावध व्हावे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा केवळ ओळख क्रमांक आहे, गुणवत्तेचा पुरावा नाही. खरा इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांचे इतरांनी किती संदर्भ घेतले याचा आकडा) क्लॅरिव्हेट या संस्थेच्या अहवालात मिळतो, आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावांचे अनेक बनावट आकडे बाजारात आहेत.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. स्कोपस या संशोधन-लेखांच्या सूचीतली नियतकालिकांची यादी विनामूल्य शोधता येते. मुक्त, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या, नियतकालिकांसाठी डीओएजे ही 2003 पासूनची निर्देशिका पाहावी आणि तिथे शुल्क न घेणारी नियतकालिके वेगळी काढावीत. नियतकालिक अमुक सूचीत आहे असा दावा त्याच्याच पानावर वाचून मान्य करू नये, त्या सूचीत जाऊन नाव शोधावे. “थिंक, चेक, सबमिट” या संकेतस्थळावरची प्रश्नांची यादी विद्यार्थिनीकडून स्वतः भरून घ्यावी. शेवटी त्या नियतकालिकातले अलीकडचे तीन लेख पूर्ण वाचायला सांगावे. ते वाचून आपल्या वॉर्डात काही उपयोग होईल असे तिला वाटले नाही, तर तिथे पाठवू नये.

ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचे “नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया” 1910 पासून निघते आणि नवोदितांनी ते नियमित वाचायला हवे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजशी जोडलेले “इंडियन जर्नल ऑफ कंटिन्युइंग नर्सिंग एज्युकेशन” आणि मनोरुग्ण परिचर्येसाठी “इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्रिक नर्सिंग” ही नावेही लक्षात ठेवावीत. संमती, गोपनीयता, हिंसाचार अशा प्रश्नांवर लिहिलेले चिंतन मुंबईच्या “इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स”ला पाठवण्याचा विचार करता येतो.

महाविद्यालयात वातावरण तयार करणे

महिन्यातून एकदा जर्नल क्लब, म्हणजे छापील लेखावर चर्चेची बैठक, घ्यावा, पण त्यात लेखाचा सारांश वाचून दाखवण्याऐवजी विद्यार्थ्यांना समीक्षक करावे: हा लेख तुम्ही स्वीकारला असता का, आणि लेखकाला काय विचारले असते? 1929 पासून चालत आलेल्या स्टुडंट नर्सेस असोसिएशनच्या अधिवेशनांत आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या “आविष्कार” संशोधन स्पर्धेत मांडणी केल्याने मसुदा घासला जातो. परिषदेत पोस्टर लावले म्हणजे लेख झाला, हा गैरसमज मात्र होऊ देऊ नये. सरकारी संस्थांना 1 जानेवारी 2025 पासून “वन नेशन वन सबस्क्रिप्शन” योजनेतून हजारो नियतकालिके खुली झाली आहेत, ती आपल्या ग्रंथपालांकडून सुरू करून घ्यावीत. खासगी महाविद्यालयांनी पबमेड सेंट्रल या विनामूल्य लेखसंग्रहापासून सुरुवात करावी. विद्यार्थिनीने सोळा अंकी ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, विद्यार्थीदशेतच विनामूल्य काढून ठेवावा, म्हणजे लग्नानंतर नाव किंवा नोकरी बदलली तरी तिचे काम तिच्याच नावावर राहते.

पाठवल्यानंतर

सोबतच्या पत्रात हा लेख प्रबंधावर आधारित आहे, हे सांगावे. नियतकालिके सहसा त्याला दुबार प्रकाशन मानत नाहीत, पण लपवल्यास संशय येतो. एका वेळी एकाच नियतकालिकाला लेख पाठवावा. नकार आला तर समीक्षकांचे अभिप्राय वाचून दुरुस्ती करावी आणि पंधरवड्यात दुसरीकडे पाठवावा. पहिल्या नकाराची ई-मेल विद्यार्थिनीने एकटीने वाचू नये, गाइडने तिच्यासोबत बसून वाचावी, कारण याच क्षणी बहुतेक जणी लेख कायमचा बाजूला ठेवतात. दुरुस्ती मागितली असेल, तर तीन रकान्यांचा तक्ता करावा: समीक्षकाचे म्हणणे जसेच्या तसे, आपले उत्तर, आणि लेखात बदल केलेले पान व ओळ. समीक्षकाचे म्हणणे पटले नाही, तर आधार देऊन नम्रपणे तसे लिहिता येते. प्रत्येक सूचना मान्य केलीच पाहिजे असे नाही, पण एकही सूचना उत्तराशिवाय सोडू नये.

लेख छापून आल्यावर ज्या ओपीडीत किंवा वॉर्डात माहिती गोळा केली, तिथल्या परिसेविकेला आणि अधिसेविकेला त्याची प्रत द्यावी, आणि सोबत एक पानाचा मराठी गोषवारा द्यावा, ज्यात रुग्णांच्या कोणत्या कृती सुधारल्या आणि कोणत्या नाहीत हे आकड्यांसह लिहिलेले असेल. भरलेल्या प्रश्नावल्या आणि संमतीपत्रे एथिक्स कमिटीने सांगितलेल्या मुदतीपर्यंत महाविद्यालयात कुलपात ठेवावीत, विद्यार्थिनीच्या घरी नेऊ देऊ नयेत. पुढे कधी तक्त्यात चूक आढळली, तर गाइडने विद्यार्थिनीशी बोलून संपादकांना स्वतःहून कळवावे आणि शुद्धिपत्र छापून घ्यावे.